शहरातले सार्वजनिक चार्जिंग पॉइंट: जागा, वीज आणि देखभाल यांचं नियोजन

इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग पॉइंटचं नियोजन बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी यंत्र ठरतं, मग रिकामी जागा शोधली जाते, आणि तिथे येणाऱ्या गाड्या किती वेळ थांबतात याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. तो प्रश्न पहिला घ्या. गाडी ज्या जागी एरवीही आठ तास उभी असते तिथे ७ किलोवॅटचा साधा एसी पॉइंट पुरून उरतो. जिथे ती वीस मिनिटं थांबते तिथे तोच पॉइंट असून नसल्यासारखा. थांबण्याचा वेळ कळला की किलोवॅट, वीजजोडणी, केबल आणि दर हे सगळं त्यावरून ठरवता येतं.

रस्त्यावर उतरून मोजणी

वाहन नोंदणीचे आकडे गाडी कुणाच्या नावावर आहे ते सांगतात, रात्री ती कुठे उभी राहते ते सांगत नाहीत. त्यासाठी पायी फिरावं लागतं. निवडलेल्या भागात एक कामाचा दिवस आणि एक सुटीचा दिवस धरा. सकाळी ७ ते रात्री १० दर अर्ध्या तासाने फेरी मारा आणि प्रत्येक जागेसमोर तिथल्या गाडीच्या नंबर प्लेटवरचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा. तोच नंबर लागोपाठ सहा फेऱ्यांत दिसला तर गाडी अडीच ते साडेतीन तास तिथे होती. एका माणसाकडे शंभराहून जास्त जागा देऊ नका, नाहीतर फेरी अर्ध्या तासात संपत नाही आणि सगळी मोजणी सरकते. विश्लेषण झालं की नंबरांचे कागद नष्ट करा.

याखेरीज रात्री २ ते ४ या वेळात एक वेगळी फेरी हवी. त्या वेळी रस्त्यावर दिसणारी गाडी बहुतेक घरचं पार्किंग नसलेल्या माणसाची असते, आणि सार्वजनिक चार्जिंगची गरज सगळ्यात जास्त त्यालाच आहे. ज्याच्या घरी जागा आणि प्लग आहे तो सार्वजनिक पॉइंटवर अधूनमधूनच येणार. ॲम्स्टरडॅममध्ये रस्त्यावरच्या पॉइंटचं नियोजन याच दिशेने झालं: घरी जागा नसलेला रहिवासी मागणी नोंदवतो आणि पालिका आसपासच्या पॉइंटचा वापर पाहून ठरवते. मागणी नोंदवण्याचा साधा अर्ज तुमच्याकडेही पहिल्या महिन्यापासून सुरू ठेवा. सहा महिन्यांत त्यातून जो नकाशा तयार होतो तो कुठल्याही अंदाजापेक्षा विश्वासाचा असतो.

वेळेवरून किलोवॅट

रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी ३.७ किंवा ७.४ किलोवॅट, म्हणजे सिंगल फेज २३० व्होल्टवर १६ किंवा ३२ अँपिअर. कार्यालयं आणि रेल्वे स्थानकांच्या वाहनतळांवर, जिथे गाडी चार ते नऊ तास थांबते, तिथेही हेच पुरतं, फार तर ११ किलोवॅट थ्री फेज. बाजारपेठ, रुग्णालय, नाट्यगृह अशा एक ते तीन तासांच्या जागी ११ ते २२ किलोवॅट एसी आणि जोडीला २५-३० किलोवॅटची छोटी डीसी यंत्रं, म्हणजे गाडीतला चार्जर टाळून थेट बॅटरीला वीज देणारी. पाऊण तासाच्या आतला थांबा असेल, जसे शहराबाहेर पडणारे रस्ते किंवा टॅक्सीतळ, तर ६० किलोवॅटपासून पुढे डीसी.

यात दोन गोष्टींत हमखास फसगत होते. पहिली २२ किलोवॅटच्या एसी पॉइंटची. एसीवर बॅटरी चार्ज करण्याचं काम गाडीतला चार्जर करतो, पॉइंट फक्त वीज पुरवतो. गाडीतला चार्जर ७.४ किलोवॅटचा असेल तर २२ च्या पॉइंटवरही ती ७.४ नेच भरते. ११ किलोवॅटहून जास्त एसी घेणाऱ्या गाड्या थोड्याच आहेत. त्यामुळे '२२ किलोवॅट' असा फलक लावून तिप्पट मोठी जोडणी घेण्याआधी तुमच्या भागातल्या गाड्या किती घेतात ते तपासा.

दुसरी फसगत डीसी यंत्राच्या पाटीवरच्या आकड्याची. १२० किलोवॅट लिहिलेल्या यंत्राची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत लावायचा प्लग, २०० अँपिअरची असेल आणि गाडीची बॅटरी ३५० व्होल्टची असेल, तर गाडीला ७० किलोवॅटच मिळतात. पाटीवरचा आकडा उच्च व्होल्टेजच्या बॅटरीला गाठता येतो. शिवाय दोन गनच्या यंत्रात आतले पॉवर मोड्यूल (एसीचं डीसी करणारे भाग) दोन गाड्यांत वाटले जातात. ६० किलोवॅटच्या यंत्रावर दुसरी गाडी लागली की पहिलीचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. निविदेत म्हणून तीन आकडे वेगवेगळे मागा: एकूण किलोवॅट, प्रत्येक गनचा कमाल अँपिअर, आणि दोन्ही गन लागल्या असताना वाटणी किती किलोवॅटच्या टप्प्यांत होते.

दुचाकींचा हिशोब वेगळा. त्यांना लागते अर्धा ते एक किलोवॅट, आणि मोटारीच्या एका जागेत, म्हणजे २.५ गुणिले ५ मीटरमध्ये, पाच दुचाकी सहज बसतात. झाकणाचे १६ अँपिअरचे सॉकेट भिंतीवर कंबरेच्या उंचीला लावा आणि प्रत्येकाखाली चार्जर ठेवायला कुलपाचा छोटा कप्पा द्या. कप्पा नसला तर लोक चार्जर हँडलला लटकवतात, त्याचा भार सॉकेटवर येतो, पिना सैल होतात आणि सैल पिन तापते. जळालेल्या सॉकेटमागचं एक नेहमीचं कारण हेच असतं.

किती गन लागतील

एका भागाचं गणित मांडून पाहू. समजा पाच-दहा मिनिटं चालत जाण्याच्या टप्प्यात ५०० इलेक्ट्रिक मोटारी आहेत, प्रत्येक दिवसाला सरासरी ३० किलोमीटर चालते आणि १०० किलोमीटरला १६ युनिट खाते. म्हणजे एका गाडीला रोज ४.८ युनिट, सगळ्यांना २,४०० युनिट. चार्जिंगमध्ये सुमारे दहा टक्के वीज वाया जाते, तेव्हा २,६७० च्या आसपास धरा. यातलं ४० टक्के चार्जिंग सार्वजनिक पॉइंटवर होणार असेल तर रोज १,०७० युनिट लागतील. रात्रीच्या फेरीत दिसलेल्या गाड्यांच्या प्रमाणावरून हा ४० चा आकडा तुम्ही तुमचा घालायचा.

आता निम्मा भार एसीवर आणि निम्मा डीसीवर टाकू, म्हणजे प्रत्येकी ५३५ युनिट. ७.४ किलोवॅटचा पॉइंट दिवसाला प्रत्यक्षात सहा तास चालतो आणि सरासरी ५ किलोवॅट देतो असं धरलं तर ३० युनिट होतात. म्हणजे १८ पॉइंट. ६० किलोवॅटची गन सरासरी ३५ किलोवॅट देते, कारण ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरी वेग कमी करते आणि थंड बॅटरी सुरुवातीलाही हळू घेते. दिवसात चार तास वापर धरला तर १४० युनिट. म्हणजे चार गन.

या चार गन चार चौकांत एकेक वाटायचा मोह होतो, कारण नकाशावर चार ठिपके दिसतात. तसं करू नका. एकट्या गनचा वापर गर्दीच्या वेळी ५० टक्के असेल तर येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीला ती व्यापलेली सापडते. दोन गन शेजारी ठेवल्या, आणि वापर तेवढाच ५० टक्के राहिला, तर थांबावं लागण्याची शक्यता तिनात एक होते. चार गन एकत्र ठेवल्या तर ती साधारण सहात एकवर येते. टेलिफोन एक्स्चेंजच्या लाइनी मोजण्यासाठी बसवलेलं रांगेचं जुनं गणित इथेही लागू पडतं. एकत्र ठेवण्याचा दुसरा फायदाही मोठा आहे: एक गन बिघडली तरी माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. रात्रीच्या एसी पॉइंटचं मात्र उलट, ते घराजवळच हवेत. तेही एका खांबावर दोन सॉकेट, आणि शक्यतो एका गल्लीत दोन खांब असे जोडीने लावा.

वीजजोडणी

जागा पक्की करण्याआधी वीज कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: सगळ्यात जवळचा ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा (केव्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप) आहे आणि त्यावर आज कमाल भार किती येतो. दुसरा आकडा कागदावरचा नको. वर्षातल्या सगळ्यात जास्त भाराच्या मोसमात निदान सात दिवस लॉगर, म्हणजे भाराची सतत नोंद ठेवणारं यंत्र, लावून मोजलेला हवा. रात्री भार कमी असतो म्हणून चार्जिंग रात्रीवर ढकलणं बरोबर आहे, पण एक लक्षात ठेवा: दिवसभर तापलेला ट्रान्सफॉर्मर रात्रीच थंड होतो. गुंडाळीचं तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर दर ६ अंशांनी वाढलं की कागदी इन्सुलेशन झिजण्याचा वेग दुप्पट होतो. रात्रीचा मोकळा भार शेवटच्या किलोवॅटपर्यंत भरू नका.

वरच्या उदाहरणातल्या ६० किलोवॅटच्या चार गन एकदम पूर्ण चालल्या तर २४० किलोवॅट. यंत्राची कार्यक्षमता ९५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.९८ धरला तर जोडणीवर सुमारे २५८ केव्हीए येतात; म्हणजे ३१५ केव्हीएचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर. चार्जिंग हा तासन्‌तास एकसारखा चालणारा भार आहे. घरगुती वायरिंगसारखं 'सगळे एकदम थोडेच चालू होतील' असं धरून केबल बारीक घेता येत नाही. भारनियंत्रण, म्हणजे उपलब्ध वीज चालू पॉइंटांत आपोआप वाटून देणारी व्यवस्था, नसेल तर सगळे पॉइंट एकाच वेळी पूर्ण चालू, असंच धरून केबल आणि ब्रेकर निवडायचे.

भारनियंत्रण असेल तर चित्र बदलतं, आणि मोठी बचत याच ठिकाणी आहे. १८ एसी पॉइंट एकदम चालले तर १३३ किलोवॅट होतात. पण रात्रीचे दहा तास हातात असताना ६० किलोवॅटची जोडणीही ६०० युनिट देते, आणि आपल्याला हवीत ५३५. प्रत्येक पॉइंटला सगळे चालू असतानाही ३.३ किलोवॅट, म्हणजे १४ अँपिअरच्या वर मिळतात. निम्म्याहून कमी जोडणीत काम भागतं. इथे एक खालची मर्यादा आहे: एसी चार्जिंगमध्ये गाडीला ६ अँपिअरपेक्षा कमी प्रवाह देऊ करताच येत नाही, त्याखाली गेलं की चार्जिंग थांबवावं लागतं. म्हणून उपलब्ध अँपिअर भागिले ६ हीच एका फेजवर एकाच वेळी चार्ज होणाऱ्या गाड्यांची कमाल संख्या. भारनियंत्रण इंटरनेटवर अवलंबून ठेवू नका. नियंत्रक त्याच पॅनेलमध्ये हवा आणि त्याचा संपर्क तुटला तर प्रत्येक पॉइंट आपोआप ठरलेल्या सुरक्षित प्रवाहावर यायला हवा.

रात्रीचा दर ज्या क्षणी स्वस्त होतो त्याच सेकंदाला शेकडो गाड्या चार्ज व्हायला लागतात आणि फीडरला, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, धक्का बसतो. प्रत्येक पॉइंटला शून्य ते दहा मिनिटांचा यादृच्छिक उशीर द्या. चालकाच्या ते लक्षातही येत नाही.

आता फेजकडे वळू. थ्री फेज पुरवठ्यात आर, वाय आणि बी अशा तीन जिवंत तारा असतात. पुष्कळशा मोटारी एसीवर सिंगल फेज घेतात आणि त्या सॉकेटमधली पहिली फेजच वापरतात. दहा पॉइंट एकसारखे जोडले, म्हणजे सगळ्यांची पहिली फेज आर, तर दहाही गाड्यांचा भार आर फेजवर पडतो. वाय आणि बी मोकळ्या राहतात, न्यूट्रल तापतो, मुख्य ब्रेकर उडतो आणि 'जोडणी कमी पडतेय' अशी तक्रार सुरू होते. जोडणी पुरेशी असते, फक्त फेज फिरवलेल्या नसतात. पहिल्या पॉइंटला आर-वाय-बी, दुसऱ्याला वाय-बी-आर, तिसऱ्याला बी-आर-वाय असा क्रम द्या आणि तो खांबाच्या आत चिकटवलेल्या कार्डावर लिहून ठेवा. भारनियंत्रकालाही तोच क्रम सांगावा लागतो. हे विसरलं तर तो चुकीच्या फेजचा हिशोब करत बसतो.

केबलची लांबी आणि जाडी एकत्र पाहा. ३२ अँपिअर सिंगल फेज, ६० मीटर अंतर आणि ६ चौरस मिलिमीटर तांबं असेल तर सुमारे १४ व्होल्ट पडतात, म्हणजे सहा टक्के. पाच टक्क्यांची मर्यादा इथेच ओलांडली. १० चौरस मिलिमीटर घेतली तर पडझड साडेआठ व्होल्टच्या आत राहते. व्होल्टेज खाली गेल्यावर काही गाड्या प्रवाह कमी करतात, काही चार्जिंगच सोडून देतात, आणि दोष पॉइंटवर येतो.

दिव्याच्या खांबावर पॉइंट लावायची कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक हिशोब चुकतो. जुन्या दिव्याच्या जागी एलईडी आला म्हणून एका खांबामागे १५० वॉट वाचले असं धरलं, तरी वीस खांबांच्या सर्किटवर ३ किलोवॅटच मोकळे होतात, म्हणजे सगळ्या रांगेत मिळून एक कमी शक्तीचा पॉइंट. शिवाय बऱ्याच ठिकाणी दिव्यांचं सर्किट पॅनेलमधूनच संध्याकाळी चालू आणि पहाटे बंद होतं. पॉइंटला दिवसरात्र वीज हवी असेल तर वेगळी केबल ओढावी लागते. ती आधीपासून आहे का, हे खांबाचा दरवाजा उघडूनच कळतं.

खोदाई आणि पाया

पूर्ण प्रकल्पात न दिसणारं पण सगळ्यात जड काम खोदाईचं. आज चार गन बसवायच्या असतील तरी चर खणतानाच आठ गनला पुरतील एवढे पाइप टाका. रिकामा ११० मिलिमीटरचा पाइप हा त्या दिवशी किरकोळ खर्च असतो. दोन वर्षांनी तोच रस्ता पुन्हा फोडणं किरकोळ नसतं. दोन ओढ-चेंबरांच्या (केबल ओढण्यासाठी बांधलेल्या खड्ड्यांच्या) मध्ये काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत आणि केबलने पाइपचं तोंड ४० टक्क्यांहून जास्त भरू नये, नाहीतर ओढताना आवरण सोलतं. रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकं बंद करा. जिथे पाया येणार तिथे यंत्र लावण्याआधी हाताने चाचणी खड्डा घ्या. गॅस आणि पाण्याच्या वाहिन्या नकाशात दाखवलेल्या रेषेवर असतीलच असं नाही.

चौथऱ्याची उंची तिथे आजवर साचलेल्या सगळ्यात जास्त पाण्याच्या खुणेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर वर ठेवा. ती खूण शेजारच्या भिंतीवर दिसते किंवा समोरचा दुकानदार दाखवतो. उघड्यावरच्या यंत्राला धूळ-पाण्यासाठी निदान आयपी ५४ आणि धडकेसाठी आयके १० हा दर्जा हवा. गाडी आदळू नये म्हणून लोखंडी खुंट लावतात ते बरोबरच, पण यंत्राचा दरवाजा पूर्ण उघडेल एवढं अंतर सोडून. खुंट इतके जवळ की फिल्टर काढायला यंत्र उचलावं लागेल, असं घडतं.

डीसी यंत्राचे पंखे मोठा आवाज करतात. झोपायच्या खोल्यांच्या खिडक्यांखाली ती नकोत. दुपारचं थेट ऊनही नको. आतलं तापमान वाढलं की यंत्र स्वतःहून शक्ती घटवतं, आणि उन्हात पडदाही वाचता येत नाही. साधं पत्र्याचं छत दोन्ही प्रश्न सोडवतं.

सॉकेट कुठे, गाडी कुठे

चार्जिंगचं तोंड कुठल्या गाडीला पुढे नाकावर, कुठल्या गाडीला मागे उजवीकडे, कुठल्या गाडीला डावीकडे चाकावर असतं. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात २०२२ मध्ये झालेल्या एका पाहणीत ६५७ जलद चार्जिंग पॉइंट प्रत्यक्ष जाऊन तपासले. चालू सापडले ७२.५ टक्के, आणि ४.९ टक्के ठिकाणी यंत्र ठीक असूनही केबल गाडीच्या तोंडापर्यंत पोचत नव्हती. ही चूक कागदावरच टाळता येते. खांब जागेच्या डोक्याशी, दोन जागांच्या मधल्या रेषेवर ठेवला तर गाडी पुढून किंवा मागून आत घेऊन तोंड खांबाजवळ आणता येतं. रस्त्याला समांतर पार्किंगमध्ये ही सोय नसते, म्हणून तिथे जागा सहा मीटरहून लांब आखा आणि डीसी केबल किमान तेवढीच हवी. खडूने जागा आखा, तीन वेगळ्या गाड्या लावा, दोरीने अंतर मोजा. एका सकाळचं काम आहे.

पदपथावर खांब लावायचा असेल तर चालणाऱ्यांसाठी निदान दीड मीटर, शक्यतो दोन मीटर मोकळी वाट राहिली पाहिजे, आणि केबल त्या वाटेवरून जाता कामा नये. म्हणजे खांब रस्त्याकडच्या कडेलाच. पदपथ अरुंद असेल तर पार्किंगचीच थोडी जागा घेऊन बाहेर आलेला ओटा बांधा आणि खांब त्यावर लावा. चालणाऱ्याची जागा गाडीला देणं हा उपाय नव्हे. सॉकेट, पडदा आणि पैसे भरण्याची जागा जमिनीपासून ८० ते १२० सेंटिमीटरमध्ये ठेवा, समोर पायरी किंवा कठडा नको. व्हीलचेअरवरचा माणूस, बुटका माणूस, सगळ्यांना पोचलं पाहिजे. एक तरी जागा साडेतीन मीटर रुंद आखा. डीसीची जाड केबल जड असते, तिला वरून तोलणारा स्प्रिंगचा हात असला तर एका हाताने वापरता येते.

एसी खांबाला कायमची केबल न लावता सॉकेटच ठेवणं बरं. चालक स्वतःची केबल आणतो, लोंबणारी केबल चिखलात पडत नाही आणि तांब्यासाठी ती कापूनही नेली जात नाही. डीसीला हा पर्याय नाही. तिथे उजेड, कॅमेरा आणि वर्दळ असलेली जागा निवडावी लागते.

गळती, अर्थिंग, चाचणी

प्रत्येक पॉइंटला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, द्या. दोन-तीन पॉइंट मिळून एक लावला तर प्रत्येक गाडीची बारीक गळती बेरजेत येऊन तो विनाकारण पडतो आणि सगळे पॉइंट एकदम बंद होतात. आरसीडी टाइप बी असावा, किंवा टाइप ए आणि जोडीला ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी व्यवस्था. कारण असं की गाडीतल्या बिघाडातून डीसी गळती झाली तर टाइप एचा गाभा संपृक्त होतो. मग तो आंधळा होतो, आणि पुढे कुणाला खरा झटका बसला तरी पडत नाही.

अर्थ आणि न्यूट्रल एकाच तारेतून येणाऱ्या पुरवठ्यावर उघड्यावर पॉइंट जोडताना जास्त काळजी घ्या. ती तार वाटेत तुटली तर गाडीचा पत्रा जिवंत होतो, आणि गाडीला हात लावणारा माणूस ओल्या जमिनीवर उभा असतो. पॉइंटच्या सर्किटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळे हवेतच, शिवाय स्वतंत्र अर्थ इलेक्ट्रोड किंवा तुटलेली तार ओळखून सगळे ध्रुव तोडणारं उपकरण हवं. यावर तडजोड करू नका.

चालू करताना इन्सुलेशन, अर्थ लूप, आरसीडी पडण्याचा वेळ हे मोजाच. मग गाडीची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरने कंट्रोल पायलटची, म्हणजे गाडी आणि पॉइंट ज्या तारेतून एकमेकांना इशारे देतात तिची, चाचणी घ्या: गाडी जोडल्यावर १२ व्होल्टचे ९, चार्जिंग मागितल्यावर ६, आणि पायलट अर्थला टेकला की तत्काळ बंद. शेवटी निदान चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या प्रत्येक गनवर दहा मिनिटं चालवा. सिम्युलेटरवर पास झालेलं यंत्र खऱ्या गाडीशी बोलताना अडखळतं, तेव्हा बहुतेक वेळा सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी असते.

जोडलेलं राहणं

मोबाइल सिग्नल यंत्र जिथे बसणार नेमकं तिथे, त्याच उंचीवर मोजा. लोखंडी पेटीच्या आत तो आणखी कमी होतो, म्हणून अँटेना बाहेर हवा. तळघरातल्या वाहनतळात वायर ओढण्याला पर्याय नाही. तरीही संपर्क कधी ना कधी तुटणारच, तेव्हा नोंदणी झालेल्या कार्डांची यादी यंत्रातच साठवलेली हवी, म्हणजे गाडी उपाशी राहत नाही. पैसे भरण्याचा क्यूआर कोड पडद्यावर दाखवा. चिकटवलेल्या कोडवर दुसरा कोड डकवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार होतात.

यंत्र आणि सर्व्हर यांच्यातली भाषा ओसीपीपी (कुठल्याही कंपनीला वापरता येणारं खुलं मानक) असावी ही अट निविदेत बहुतेक जण घालतात. तिच्याखाली आणखी एक ओळ घाला: यंत्राचे सगळे पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता बदलण्याचा अधिकार पालिकेकडे राहील. चालवणारी कंपनी बंद पडली किंवा करार संपला तर ही ओळ नसलेली यंत्रं धड असूनही निरुपयोगी होतात.

जागा अडवणाऱ्यांसाठी दोन नियम लागतात. पेट्रोलची गाडी उभी राहू नये म्हणून रंगवलेली जमीन पुरत नाही, दंड करता येईल असा अधिकृत आदेश फलकावर हवा. आणि चार्जिंग संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांची सवलत देऊन पुढे दर मिनिटाला थांबण्याचा आकार. मात्र निवासी गल्लीतल्या एसी पॉइंटवर रात्री १० ते सकाळी ७ हा आकार लावू नका. रात्री दोनला उठून गाडी हलवायला कुणी येणार नाही, आणि अशा आकाराला कंटाळून माणूस पुन्हा पेट्रोलकडे वळतो.

चालू ठेवणं

करारात '९७ टक्के वेळ चालू' असं लिहिलं की बरं वाटतं. उरलेले तीन टक्के म्हणजे वर्षात ११ दिवस बंद. त्याहून मोठी अडचण ही की सर्व्हरला यंत्राकडून नियमित खूण येत असते एवढ्यावरच ते 'चालू' मोजलं जातं. पडदा मेलेला असो, गनची कडी तुटलेली असो, मोडेम खूण पाठवतच राहतो. म्हणून कराराचा मुख्य आकडा वेगळा धरा: शंभर वेळा कुणी गन लावली, तर त्यातल्या किती वेळा पहिल्याच प्रयत्नात चार्जिंग सुरू झालं आणि पाच मिनिटं टिकलं. ही नोंद यंत्रात असतेच, मागितली पाहिजे. एखाद्या गनवर दिवसाउजेडी तीन तासांत एकही यशस्वी चार्जिंग नाही आणि शेजारची गन मात्र सतत व्यापलेली असेल तर तक्रारीची वाट न पाहता माणूस पाठवा.

दर तीन महिन्यांनी हवेचे फिल्टर, धुळीच्या जागी दर महिन्याला. गनच्या पिना काळ्या पडल्या असतील तर ती गन बदलाच. झिजलेली पिन तापते, तापमानाचा सेन्सर प्रवाह घटवतो आणि चालकाला फक्त 'हळू चार्ज होतंय' एवढंच दिसतं. दर दहा गनमागे एक गन-केबल, एक मोडेम, एक कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) आणि एक पॉवर मोड्यूल शहरातच साठवून ठेवा. दुरुस्तीला अर्धा तास लागतो, भाग यायला महिना.

पहिल्या सहा महिन्यांनी प्रत्येक ठिकाणाचे दोन आकडे काढा: गन दिवसातले किती तास व्यापलेली होती आणि त्यातले किती तास खरोखर वीज वाहत होती. डीसीवर व्यापलेला वेळ ३० टक्क्यांच्या पुढे गेला की संध्याकाळी रांगा लागायला सुरुवात होते. तिथे रिकाम्या पाइपांतून पुढच्या दोन गनची केबल ओढा. व्यापलेला वेळ जास्त पण वीज थोडाच वेळ वाहतेय, असं दिसलं तर गन वाढवून उपयोग नाही. तिथे गाड्या आपल्या अंदाजापेक्षा जास्त वेळ थांबतात. जलद यंत्र काढून दुसरीकडे न्या आणि त्या जागी एसीचे चार सॉकेट लावा.